हळदकुंकू लागलेली रेकॉर्ड

आमच्या बँडला बँड म्हणायची पद्धत नव्हती. लोक म्हणायचे, "ते करंटवाले आले." कारण माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, भजनात करंट सोडला होता. खरोखरचा. नागपूरच्या महाल भागात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरी एक बेंजो होता, तो टाईपरायटरसारख्या बटणांचा असतो ना, तसला. एका रविवारी दादानं जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरातलं काहीतरी उपसून त्या बेंजोच्या पोटाला चिकटवलं, वायर ओढली आणि थेट लाऊडस्पीकरच्या भोंग्याला जोडली. पहिलीच तार छेडली आणि बाप्पा रे बाप्पा! शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली. दादा मात्र नाचत होता. "पाह्य, याले म्हणते आवाज!"

तोपर्यंत आम्ही साधे खंजिरीवाले होतो. मोहल्ल्याच्या भजन मंडळात दादा बेंजो वाजवायचा, माझ्याहून सात वर्षांनी मोठी ताई गायची आणि मी खंजिरी बडवायची. करंट आल्यावर मंडळातल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला हाकलून लावलं. एक म्हणाले, "देवाले शॉक लागन ना बे!" मग दादानं दोन मित्र धरले, एक ढोलकीला, एक चिमट्याला, आणि भजनाच्या चालीत वाट्टेल त्यावर गाणी रचायला सुरुवात केली. मे महिन्यातल्या उन्हावर एक. रॉकेलच्या रांगेवर एक. मामाच्या गावच्या, कुहीच्या बसवर तर असं गाणं होतं की बस येतच नाही, गाणं संपतं तरी येत नाही, म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. लोक वेडे व्हायचे. भोंगा फाटका वाजायचा, बेंजो कोकलायचा, आणि त्या सगळ्या गोंधळातून ताईचा आवाज असा सरळ वर जायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तिला गळ्याची तयारी वगैरे काही माहीत नव्हती. विहिरीवरून हाक मारावी तसं गायची.

मग रेकॉर्ड निघाली. एक बाहेरगावचा कंपनीवाला आमचा कार्यक्रम ऐकून येडा झाला आणि म्हणाला, मोठी तबकडी काढू, दोन्ही बाजू भरून. एका शाळेच्या हॉलमध्ये भिंतींना गाद्या टांगल्या, मधोमध एकच माइक उभा केला आणि पंखा बंद केला, कारण पंख्याचा आवाज येतो म्हणे. नागपुरात, उन्हाळ्यात, पंखा बंद! मी बारा वर्षांची होते. घामानं खंजिरी हातातून सटकत होती, पण माझ्या आनंदाला पारावार नव्हता. आपण एका काळ्या तबकडीच्या आत जाऊन बसणार, हेच मला पुरेसं होतं.

तबकडी आली आणि सगळं नागपूर आमचं झालं. लग्न असो, बारसं असो, पोळा असो, गणपती असो, भोंग्यावर आम्हीच. सीताबर्डीवर चालताना पोरं दादाकडे बोट दाखवायची. फक्त एक गोष्ट राहिली. तबकडीच्या मधल्या कागदावर दादाचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'आणि पार्टी'. ताईचं नाव नव्हतं. ते बाबांनीच काढायला लावलं होतं. "पोरीचं नाव बाजारात लागलं तर पाहाले आलेले पाव्हणे चहा न पेता जातीन," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कोणी वाद घातला नाही. ताईनंही नाही. आमची एवढी मोठी गाणारी बहीण, आणि ती म्हणजे 'आणि पार्टी'.

वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. सावनेरला. माणूस चांगला, कोळशाच्या खाणीत नोकरीला, शांत. सासू वाईट नव्हती, पण सुनेचा आवाज ओसरीच्या बाहेर गेलेला तिला चालायचा नाही. ताईनं गाणं असं बंद केलं जसा कोणी नळ बंद करतो. तिला मुलगी झाली, तर तिला झोपवतानाही ती नुसती थोपटायची. पुढं ती पोरगी सहासात वर्षांची झाली तेव्हा सावनेरच्या बाजारात आमची तबकडी वाजत होती. ताईनं हळूच सांगितलं, "हे गाणं मी म्हटलं आहे, बरं का." पोरगी थांबली, आईकडे वरून खाली पाहिलं आणि पोट धरून हसली. "तुले कुठं गाता येते वं आई?" घरी जाऊन आजीला सांगितलं, तर आजीही हसली. ताईनं हे आम्हाला हसतहसतच सांगितलं, पण मी तिची बहीण आहे, मला तिचं हसणं कळतं. त्या रात्री ती जेवली नसणार.

म्हणून जेव्हा तबकडीला दहा वर्षं होत आली आणि इतवारीतल्या एका कॅसेटवाल्यानं दादाच्या दुकानात येऊन सांगितलं की याची आता कॅसेट काढू, दहा वर्षांची खास, वर पूर्ण पार्टीचा फोटो आणि सगळ्यांची नावं, तेव्हा मी सगळ्यात आधी ताईचा विचार केला. तोवर बाबाही नरमले होते. म्हणाले, "टाका नाव. आता कोणाचं लग्न अडून राहिलं?" महालक्ष्म्यांच्या जेवणाला ताई माहेरी आली होती, तिला स्वयंपाकघरात गाठून मी हे सांगितलं. ती पुरणाचं भांडं तसंच सोडून उभी राहिली. म्हणाली, "पोरीच्या हातात देईन मी ते. नाव वाचता येते आता तिले."

आणि मग घोळ झाला. कॅसेटवाला म्हणाला, मूळ टेप आणा. जुन्या कंपनीला विचारलं तर त्यांनी ती टेप कधीच पुसून तिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी गाणी भरली होती. मग म्हणाला, निदान एक स्वच्छ रेकॉर्ड आणा, तिच्यावरून उतरवून घेऊ. नाहीतर गाणी नव्यानं भरू, एक पोरगी आहे माझ्याकडे, फार गोड गळा आहे. दसऱ्याला कॅसेट बाजारात पाहिजे.

ताईचा चेहरा पांढरा पडला. "मंग माझं काय राहिलं गा दादा?" एवढंच बोलली.

"चूप, पागल," दादा म्हणाला. "हजार घरात रेकॉर्ड आहे आपली. एक सापडन का नाही?"

सापडेना! अहो, यालाच म्हणतात नशीब. ज्याच्याकडे होती त्यानं ती इतकी वाजवली होती की तबकडीवर नांगर फिरल्यासारखा. लाऊडस्पीकरवाले तर एक सुई वर्षभर चालवायचे. एकाच्या घरी पोरांनी तिच्यावर खिळ्यानं कमळ काढलं होतं. आमची स्वतःची एक होती, तिची कथा आणखी थोर. दादानं ती एका मे महिन्यात गच्चीवर विसरली आणि ऊन लागून तिची मस्त वाटी झाली. वहिनी त्यात लसूण ठेवायची. आमच्या घरी स्वतःचं वाजवायचं यंत्र आलं तेव्हा रेकॉर्डची अशी गत झाली होती, त्यामुळे आम्ही आमची गाणी जन्मात कधी नीट ऐकलीच नव्हती. जे ऐकलं ते दुसऱ्यांच्या मांडवातून, भोंग्यावर.

शेवटी आईच म्हणाली, "अवं, कुहीच्या मामानं घेतली होती नं एक? त्याच्या घरी तर मशीनच नाही." मी आणि दादा एकमेकांकडे पाहतच राहिलो. मशीन नाही! म्हणजे वाजवलीच नाही! दादानं फटफटीला अशी किक मारली की चप्पल उडून नालीत पडली. ती काढायलाही थांबला नाही. एका पायात चप्पल घालून दादा उमरेड रोडनं निघाला, मागे मी, आणि आम्ही दोघं गळा फाडून कुहीच्या बसचं गाणं म्हणत होतो. बाजूनं खरीच कुहीची बस गेली. दादानं हॉर्न वाजवून तिला सलाम केला.

धान निसवायला आलं होतं, लोंब्या डोकावत होत्या. मामा बांधावर उभा होता. आम्हाला पाहिलं तसा चिखलाच्या पायानं धावत आला आणि आधी दादाच्या, मग माझ्या पाया पडला. आमच्याकडे तशी रीतच आहे, भाच्या-भाचींच्या पाया मामा पडतो, वयाचा काही संबंध नाही. मला लहानपणापासून याची भयंकर मजा वाटायची. घरी गेलो, मामीनं पाणी दिलं, दादानं श्वासही न घेता विचारलं, "मामा, रेकॉर्ड आहे नं?"

"आहे म्हणजे? देवाजवळ आहे!"

मामा देवघरातून ती घेऊन आला. दोन्ही हातांवर, आडवी. आणि दादा मटकन खाली बसला.

तबकडी काळी नव्हतीच. पिवळी-तांबडी होती. मामानं दहा वर्षं, दर दसऱ्याला, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्यासोबत रेकॉर्डची पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, वरून तुपाचा थेंब. एका बाजूला आपट्याचं पान चिकटून वाळलं होतं. मामाचा चेहरा मात्र अभिमानानं फुललेला.

"हे काय करून ठेवलं गा मामा!" दादा रडकुंडीला आला.

"काहून? तुमचं हत्यारच आहे नं ते? आम्ही आमच्या हत्याराची पूजा करतो, तुमच्या नाही करत का?"

"पण एकदाही ऐकली नाही तू?" मी विचारलं.

"ऐकाची काय गरज? भाच्यांनी गायली, चांगलीच असन."

मला असं हसू आलं की थांबेचना. मामी हसायला लागली, मग मामा, शेवटी दादासुद्धा. पण हसून झाल्यावर दादानं रेकॉर्ड नागपूरला न्यायची म्हटली तसा मामा गंभीर झाला. पूजेची वस्तू दसरा तोंडावर असताना घराबाहेर जात नसते. पाया पडला, पण रेकॉर्ड देईना. दादानं हात जोडले, कॅसेट कंपनीचं समजावलं, व्यर्थ. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, भाची दारात आली. रिकाम्या हातानं पाठवशीन का? ताई पण तुही भाचीच आहे. तिचा आवाज आहे याच्यात. तिची पोरगी म्हणते, आई खोटं बोलते."

मामीनं मामाकडे असं पाहिलं की ते पाहणं मला आजही आठवतं. मग मामानं रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि पुन्हा वाकून माझ्या पाया पडला. "ने बाई. दसऱ्यापर्यंत आणून देजो."

धुवायची होती. मामी म्हणाली, रिठ्याच्या पाण्यात धुऊ, पैठणीसुद्धा त्यातच धुते मी. दादा ओरडला, "नाही! खराब होईन!" मग दुसरा उपाय त्यालाही सुचेना, म्हणून शेवटी परातीत कोमट रिठ्याचं पाणी केलं आणि सरकी काढलेल्या मऊ कापसाच्या बोळ्यानं मामी गोलगोल पुसायला लागली. दादा तिच्या डोक्यावर उभा राहून "हळू, मामी, हळू गं माझी माय" असं कण्हत होता, जणू त्याच्याच अंगाची सालं निघत आहेत. पाणी पिवळं झालं, मग नारिंगी, मग लाल. मधला कागद सुटून परातीत तरंगायला लागला. आणि खालून निघाली काळीभोर, चकचकीत, एकही ओरखडा नसलेली तबकडी. दहा वर्षं हळदीनं तिला धुळीपासून जपलं होतं. दादानं मामीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती घाबरून मागे सरली, "अरे बापा, भाच्यानं पाया नाही पडाचं!" म्हणून तिनं लगेच उलट त्याच्या पाया पडून घेतलं. असा गोंधळ मी आयुष्यात पाहिला नाही.

परतीच्या वाटेवर रेकॉर्ड मामीच्या ओल्या लुगड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर, वर मामाची छत्री. दर खड्ड्याला दादा मागे वळून ओरडायचा, "आहे नं?" आणि मी ओरडायची, "समोर पाह्य नं गा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान भरलं. कॅसेटवाला घड्याळाकडे पाहत खुर्चीत बसला होता. ताई सावनेरच्या पहिल्या बसनं पोरीला घेऊन आली होती. आता दादा मामा झाला, म्हणून तो भाचीच्या पाया पडला. पोरीनं राणीसारखे पाय पुढे केले आणि मग काउंटरवर चढून बसली. तिथं तारा, व्हॉल्व्ह, डबे, सगळं तिच्या हाताशी. तिला काय पाहिजे आणखी! ताई मात्र भिंतीला टेकून उभी, पदर बोटाला गुंडाळत. मी तिला म्हटलं, "बस नं वं." बसली नाही.

दादानं नवीन सुई लावली. रेकॉर्ड फिरायला लागली. आधी थोडं कुरकुर, कुठंतरी हळदीचा कण राहिला असावा. मग ढोलकी. मग बेंजो, आणि काय सांगू, तो फाटका नव्हताच. भोंग्यानं आम्हाला दहा वर्षं फसवलं होतं. आणि मग ताई. एकोणीस वर्षांची, विहिरीवरून हाक मारणारी ताई. कॅसेटवाल्यानं घड्याळावरून नजर काढली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मला हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

ताईनं पोरीकडे पाहिलं. "ऐकून राहिली नं? हे मी आहे."

पोरीनं मान हलवली. "ही तर पोट्टी आहे कोणी. तुहा आवाज असा कुठं आहे?"

ताईनं मग जे केलं ते पाहून माझं काळीज तुटलं. ती रेकॉर्डसोबत गायला लागली. हळू, दुकानात चार माणसांसमोर, दहा वर्षांनी. पण आवाज जाड झाला होता, वरच्या ठिकाणी पोचेना. पोरगी म्हणाली, "नाही जमून राहिलं तुले," आणि काउंटरवर पाय आपटत एक डबा वाजवायला लागली. ताई थांबली. भिंतीकडे वळली. दादा मशीनकडे बघत राहिला. मला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण तिचा तरी काय दोष? तिनं आईला गाताना ऐकलंच नव्हतं कधी.

तिसरं गाणं लागलं. मध्ये बेंजो एकटाच वाजतो, माझी खंजिरी साथीला. तिथं मी बहुतेक फारच उड्या मारत असेन, कारण माइकच्या अगदी जवळून, बेंजोच्या खालून, दबलेला पण स्वच्छ, असा एक आवाज आला जो भोंग्यावर आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता:

"चूप बस नं वं पोट्टे! हात मोडीन!"

काउंटरवरच्या पोरीच्या हातातला डबा खाली पडला. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, ती ताठ बसली आणि घाबरून म्हणाली, "बसली नं वं आई! बसली!"

ताई भिंतीपासून वळली. तिचं तोंड मिटलेलंच होतं. पोरीनं आईच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग फिरणाऱ्या रेकॉर्डकडे, मग पुन्हा आईकडे.

आणि मग आम्ही फुटलो. दादा तर स्टुलावरून खालीच पडला. कॅसेटवाला रुमाल तोंडात कोंबून हसत होता. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "हे मधलं बोलणं काढून टाकू आपण, काळजी नको."

"हात तर लावून पाहा," ताई म्हणाली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हती.

पोरगी काउंटरवरून उतरली. आईजवळ गेली नाही. मशीनजवळ गेली, दोन्ही हात मागे बांधून, कान अगदी स्पीकरला लावून उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "पहिल्यापासून लाव नं. मघाशी मी ऐकलंच नाही."